रविवारचे प्रस्थान

मुंबई ते मस्कत हे अंतर दीड हजार किलोमीटरचे. विमानाला पावणेतीन तास पुरतात. खाली टॅक्सी उभी होती आणि यामिनीच्या पर्समध्ये पासपोर्ट नव्हता.

“तो मी कालच देवतळ्यांच्या देव्हाऱ्यात ठेवला,” सासरे शांतपणे म्हणाले. “रविवारी पश्चिमेला निघू नये. आपली वस्तू शनिवारी शेजारी गेली की प्रवास शनिवारीच सुरू झाला. यालाच प्रस्थान ठेवणं म्हणतात.”

शेजारच्या दाराला कुलूप होते. देवतळे पहाटेच सहकुटुंब अलिबागला गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या यामिनीने असले प्रकार आजवर हसण्यावारी नेले होते. पण मस्कतच्या इस्पितळात उद्या सकाळी तिच्या नवऱ्याची, म्हणजे याच गृहस्थांच्या मुलाची, हृदयशस्त्रक्रिया होती, आणि तिथे त्याच्याजवळ आपले असे कोणीही नव्हते.

“बाबा, विमान तुमच्या पंचांगासाठी थांबणार आहे का?”

“चिडू नकोस, सूनबाई. चुकलंच तर समज, त्या विमानात काहीतरी विपरीत होतं. वाचलीस!”

या तर्काला हरणे ठाऊकच नव्हते. त्याच्याशी वाद घालण्याइतका वेळ आणि आदर, दोन्ही तिच्यापाशी उरले नव्हते. तिने स्वयंपाकघरातून वरवंटा आणला.

“अगं, लोक काय म्हणतील?”

“बाजूला व्हा.”

तिसऱ्या घावाला कुलूप तुटले. देव्हाऱ्यातला पासपोर्ट उचलून ती धावत जिना उतरू लागली, तेव्हा मागून तृप्त आवाज आला,

“बघितलंस? प्रस्थान फळलं!”