परत काही आणू नका

“खोटी सही मी करायची नाही,” असे म्हणून पेंकाने कागद परत केला आणि इमारतीच्या दारात शेगडीवर भाजलेल्या लाल मिरचीचे साल काढण्यात ती पुन्हा गढून गेली.

नेवेनाच्या हातातील लेखणी हातातच राहिली. कागदावर मजकूर एवढाच होता: ‘या बागेतील भाजी आम्ही खातो.’ सोमवारपर्यंत इमारतीतील निम्म्या घरांनी तसे लिहून दिले, तर मागची जमीन नगरपालिका बागेकडेच ठेवणार होती. नाही तर तेथे मोटारी उभ्या राहणार होत्या. सह्या झाल्या होत्या चार. पेंका ही त्या जिन्यावरच्या बिऱ्हाडांतील सर्वांत वडीलधारी बाई. तिने सही केली असती, तर उरलेल्यांनीही केली असती.

“खोटी कशी? टेबल समोर आहे. घ्या, खा आणि सही करा.”

“मी तिथनं आजवर काही घेतलेलं नाही. दुसऱ्या कुणी घेतलंय का, जा विचार.”

कोणीच घेतले नव्हते. तेच तर शल्य होते.

नेवेनाने पस्तीस वर्षे शाळेत वनस्पतिशास्त्र शिकविले होते. निवृत्तीनंतरचे तीन उन्हाळे तिने त्या ओसाड तुकड्यावर शेजाऱ्यांना धडे देण्यात घालविले. टोमॅटोच्या बगलेतील फुटवे केव्हा खुडावेत, पाणी पानांवर न शिंपता मुळाशी कसे द्यावे, स्वयंपाकघरातील कचऱ्याचे खत कसे करावे. लोक आले, शिकले, उन्हातान्हात राबलेही. परंतु दर शनिवारी ती प्रवेशद्वारापाशी टेबल मांडी, त्यावर दोन मुठींएवढे गुलाबी टोमॅटो रची आणि सुवाच्य अक्षरांतील पाटी लावी: ‘घ्या. परत काही आणू नका.’ त्या टेबलाला मात्र सारे वळसा घालून जात. बोलता बोलता त्यांचे आवाज खाली येत. दुसऱ्या मजल्यावरचा म्हातारा दोब्री तर जवळून जाताना डोक्यावरची टोपी काढी. तो थट्टा करतो असे वाटून नेवेनाच्या अंगाचा तिळपापड होई. संध्याकाळी गांधीलमाश्यांनी पोखरलेली फळे ती खताच्या खड्ड्यात ओती, आणि पुढच्या शनिवारी टेबल पुन्हा मांडी.

आज तिचा धीर सुटला.

“पेंकाताई, एवढं सोनं पिकवायचं, फुकट ठेवायचं, आणि वर आर्जवंही मीच करायची! भीक वाटते का तुम्हाला ही? की मी विष कालवलंय त्यात?”

“ओरडू नकोस. शेगडीवरच्या मिरच्या करपतील माझ्या.” पेंकाने हात पुसले. “मला सांग, माझी बशी तुझ्याकडे आली, तर ती तू रिकामी धाडतेस?”

“रिकामी कोण धाडेल?”

“वांगी दिली तर अंडी येतात. अंडी दिली तर मध येतो. जिवंत माणसांचं असंच चालतं. मग परत काही आणू नका, असं म्हणून माणूस कधी वाटतो गं?”

नेवेनाची नजर टेबलावरच्या पाटीकडे गेली. मारित्सा नदीकाठच्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. उकडलेला गहू, पाव, फळ, असे जे मृताच्या नावाने वाटतात, त्याचीच तेवढी परतफेड नसते.

“तुझा असेन गेला,” पेंकाचा आवाज मऊ झाला, “तेव्हा तू गहू उकडला नाहीस. नवऱ्याला असलं काही पटत नव्हतं, म्हणालीस. आम्ही गप्प बसलो. पुढल्याच वसंतात तू कुदळ घेऊन खाली उतरलीस, आणि उन्हाळ्यात हे टेबल मांडलंस. सगळ्या जिन्याला कळलं, कशासाठी ते. पण तू नाव घेईनास. आणि ज्याचं नाव घेतलं नाही, त्याचं खायचं कसं, बाई? पोचवायचं कुणाला?”

तसे काही नाही, ही केवळ भाजी आहे, असे नेवेना म्हणणार होती. तीन वर्षे तिने स्वतःलाही तेच सांगितले होते. परंतु या वेळी तिने कागद आणि लेखणी बाजूला ठेवली.

ती टेबलापाशी गेली. सर्वांत पिकलेला टोमॅटो तिने निवडला, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला आणि पेंकापुढे येऊन उभी राहिली.

“माझ्या असेनच्या नावानं,” ती म्हणाली. ते नाव उच्चारताना तिचा स्वर परक्यासारखा झाला.

पेंका गुडघ्यांवर हात टेकून उठली. “देव त्याला क्षमा करो,” असे म्हणून तिने फळ घेतले आणि उभ्यानेच त्याचा मोठा घास घेतला. रस तिच्या हनुवटीवरून ओघळला. डोळे मिटून ती सावकाश चावत राहिली.

“पोचला,” पेंका म्हणाली. “आता आण तो कागद.”