उद्याचा प्रश्न

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी, नेहमीसारखा त्यांचा मला ऑफिसात फोन आला.

"अगं, तुझा तो एक्सेलमधला, यादीतून शोधून आणणारा व्हीलूकअप पुन्हा रुसला. रक्तदाबाच्या गोळीसमोर भलतीच वेळ दाखवतोय."

"बाबा, फॉर्म्युल्याच्या शेवटी फॉल्स लिहायचं, म्हणजे तो नेमकं जुळणारंच आणतो. किती वेळा सांगू? चाळीस वर्षं गोदाम सांभाळलंत आणि एवढं लक्षात राहत नाही?"

"म्हातारा झालो, बाईसाहेब. बरं, जेवलीस का?"

"नंतर बोलते," म्हणून मी फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी त्यांचा लॅपटॉप उघडला. 'लेक' नावाच्या फाइलमध्ये तारीख, मला विचारलेला प्रश्न आणि मी किती मिनिटं बोलले, असे रकाने होते. त्यापुढे त्यांनी स्वतः फॉर्म्युला घातला होता. बोलणं पाच मिनिटांच्या आत संपलं असेल, तर दुसऱ्या पानावरच्या यादीतून उद्यासाठी नवा प्रश्न शोधून आणायचा; नाहीतर लिहायचं, 'उद्या तिला त्रास नको.' त्या यादीत प्रत्येक प्रश्नापुढे त्यांच्याच शब्दांत अचूक उत्तरही होतं. फॉर्म्युल्यात एकही चूक नव्हती. शेवटी फॉल्ससुद्धा होतं.

शेवटच्या ओळीत मिनिटं होती एक. समोर उद्याचा प्रश्न तयार होता.

 

त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मी मोठ्यांदा म्हणाले, "नाही जेवले, बाबा. तुम्ही जेवलात का?"