जुळणीची बशी

दोन्ही घरची माणसं वाकून बघत असताना केतकीने काचेच्या बशीवरचं झाकण उचललं. आठवड्यापूर्वी तिने आणि अभिराजने मिळून तिच्या घरच्या कीडमार बुरशीत त्याच्या घरचा करंजाचा अर्क घातला होता. अर्काच्या थेंबाभोवती बुरशी साफ मेली होती.

“पत्रिका जुळून काय उपयोग?” अभिराजची आई, यमुनाकाकू, म्हणाल्या. “विषारी फवारे बंद झाल्यापासून बुरशी आणि अर्क जुळल्याशिवाय आमच्यात सोयरीक होत नाही. उद्या अळ्यांनी मळा खाल्ला तर?”

“अर्क थोडा पातळ करू या का?” केतकीचे वडील चाचरत म्हणाले.

“आमचा अर्क आजवर कोणी पातळ केलेला नाही.”

केतकीने अभिराजकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

“काकू, दोघंही गुणी आहेत,” ती म्हणाली. “फक्त एका टाकीत नांदत नाहीत. आधी अर्क फवारला की अळी अशक्त होते, आणि आठ दिवसांनी बुरशी फवारली की मरते. दोघांना वेगळं ठेवलं तर मळा सुखरूप राहील.”

यमुनाकाकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग मुलाकडे.

“काढा तारीख,” त्या म्हणाल्या. “आणि अभ्या, वेगळं बिऱ्हाड हवं होतं तर सरळ सांगायचंस. दोघांनी मिळून बिचारी बुरशी कशाला मारलीत?”