चौथी ओळ

हार्प, ट्रॉम्बोन आणि गज फिरवून वाजवायची करवत, असा तिघांचा मेळ होता. करवत पाहून, सुताराला कुणी बोलावलं, म्हणून लोक आधी हसले होते. हार्प वाजवणारीच्या नवऱ्याचं काम एकच. बायकोनं मान हलवली की समोरच्या स्वरलिपीचं पान उलटायचं. वीस वर्षांत त्याचा हात एकदाही चुकला नव्हता.

सकाळच्या तालमीत पानावर तीनच ओळी होत्या, प्रत्येक वाद्याची एक. आता त्यांच्याखाली चौथी होती, आणि तिच्यात एकच काळा ठिपका.

सूर त्या ठिपक्याशी पोचले आणि लाकडावर घण बसावा तसा आवाज झाला. ट्रॉम्बोनवाल्याचे ओठ फाटले. नळीतून रक्त ठिबकत होतं, तरी तो वाजवतच राहिला. समोरचे लोक डोळे मिटून डोलत होते.

पुढच्या पानावर पुन्हा ठिपका, पुन्हा घण. करवतवाल्याचा अंगठा तुटून खाली पडला. गज थांबला नाही.

"बस कर गं आता," नवरा पुटपुटला.

"अहो, मध्येच कसं थांबायचं?" तारांवरची नजर न काढता ती म्हणाली.

कागद पातळ होता. पुढच्या पानावरचा ठिपका त्याला आरपार दिसत होता, मुठीएवढा. आणि राहिली होती ती एकटीच.

त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले. जग बुडालं तरी आज उलटायचं नाही.

बायकोनं मान हलवली.

त्यानं पाहिलं, तर पान उलटून झालं होतं.