जिन्यावरचा गुंड

भिंगरीच्या त्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलंच नव्हतं. आठ वर्षं झाली. आधी त्यांनीच तिला चार पानं लिहिली होती. कुठल्या मारामारीत ती कशी गर्रकन फिरली, कुठली लाथ कशी बसली. पडद्यावर गुंडांना लोळवणारी नटी आपल्याला उलट लिहील, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तिने लिहिलं होतं, ‘माझ्या लाथा सगळ्यांनाच आवडतात. तुम्हाला सगळ्यांत जास्त काय आवडलं? खरं सांगा.’

घोडं अडलं ते त्या ‘खरं सांगा’पाशी.

या रविवारीही दुपारी गॅरेजवाल्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि हत्यारांच्या पेटीवर टीव्ही ठेवून भिंगरीचा जुना चित्रपट लावला. जुन्या मोटारीतून काढलेल्या मागच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसले. गॅरेजवाला, इस्पितळात नर्स असलेली त्याची थोरली बहीण, आणि कडेला, अंग चोरून, निवृत्त ग्रंथपाल.

“आला, आला, टकल्या आला!” गॅरेजवाला ओरडला. “मघाशीच मेला होता ना हा?”

“शर्ट बदलून आलाय,” बहीण म्हणाली. “तेवढ्या पैशात माणसं तरी किती आणणार बिचारे?”

“हाऽऽऽ!” करत भिंगरीने टकल्याला भिंतीवर आपटलं. दगडी भिंत चांगली वीतभर हलली. तिघंही खूश झाले. भिंत पुठ्ठ्याची असली तरी लाथ खरी होती, हे त्यांना ठाऊक होतं.

मग गोदामाचा जिना आला. तोंडाला काळं फडकं बांधलेला एक गुंड वरच्या पायरीवर उभा राहिला, त्याने भिंगरीची लाथ खाल्ली आणि गडगडत थेट खालच्या फरशीवर आला.

“वा!” ग्रंथपालांच्या तोंडून निसटलं.

“वा कुणाला, काका? गुंडाला?”

ग्रंथपाल कानापर्यंत लाल झाले. “तो... तो गुंड म्हणजे तीच आहे. असं मला आपलं वाटतं.”

गॅरेजवाल्याने चित्र थांबवलं. आता सांगण्यावाचून सुटका नव्हती. ग्रंथपालांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “इथे लाथ मारणारी भिंगरी फक्त पाठमोरी दिसते. केसांचा टोप काय, कुणीही घालेल. पण उडी घेण्याआधी भिंगरी नेहमी डावी टाच उजव्या पोटरीला घासते. प्रत्येक चित्रपटात. आता या गुंडाला बघा.”

गॅरेजवाल्याने चित्र मागे नेलं. तिघंही पुढे वाकले.

“अरे, पोटरी खाजवतोय!”

“खाजवतोय काय? घासतेय ती,” बहीण म्हणाली. “आणि हा जिना पुठ्ठ्याचा नाही हं. जिन्यावरून पडलेली माणसं मी रोज बघते.”

“म्हणजे स्वतःच मारली आणि स्वतःच खाल्ली? कमाल आहे बाईची!” गॅरेजवाला हरखून गेला. “हे तिला कळवलंत की नाही, काका?”

तेव्हा ग्रंथपालांनी चाचरत त्या पत्राचं सांगितलं.

“आठ वर्षं मूग गिळून बसलात?”

“चुकलो असलो तर? एवढ्या मोठ्या नायिकेला काय कळवायचं? की बाई, तुमच्या चित्रपटात मला तुमचा मार खाणारा गुंड आवडला?”

गॅरेजवाल्याला हसू आवरेना. हसता हसता तो थांबला. “पण खरंच, काका, दुसराच कुणी असला तर? रोज तिच्यासोबत काम करून तिची लकब उचलली असेल त्याने.”

“तेच तर,” ग्रंथपाल म्हणाले आणि सीटमध्ये आणखी खाली गेले.

बहिणीने भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. “तू गप रे! काका, भीड भिकेची बहीण. तो कोण होता, ते नसेल माहीत तुम्हाला. पण आवडलं काय, ते माहीत आहे ना? तिने तेवढंच विचारलंय. आणि पत्ता तोच आहे. याला सहीचा फोटो तिथूनच आला.”



त्या रात्री ग्रंथपाल कागद फाडत बसले नाहीत. झोपले, आणि सकाळी उठून तीनच ओळी लिहिल्या. ‘उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. मला सगळ्यांत जास्त आवडला तो जिन्यावरून पडणारा, तोंड बांधलेला गुंड. तुम्हीच होतात ना?’

टपाल कचेरीत रांग होती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं, तिकीट चिकटवलं. तेवढ्यात ग्रंथपालांचा हात खिडकीतून आत गेला.

“जरा परत देता का? एक शब्द बदलायचा होता.”

बाईंनी पाकीट दिलं नाही. चष्म्यावरून नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

“ही आपली भिंगरी?”

ग्रंथपालांनी मान हलवली.

“मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने हिच्यापायी घरातली खाट मोडली होती. आईने दोघींना बडवलं होतं,” बाई म्हणाल्या. “हिला लिहिलेलं परत घेताय?”

“नाही, म्हणजे... चुकीचं असलं तर...”

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. पाकीट सरळ केलं, शिक्का खांद्याच्या वर नेला आणि भिंगरीसारखा पोटातून आवाज काढला, “हाऽऽऽ!”

काट्याचं तबक थरथरलं. पाकीट मागच्या पोत्यात जाऊन पडलं.

बाईंनी चष्मा नीट केला. “चला, पुढचे कोण?”

रांगेतलं कोणीच पुढे आलं नाही.