खिळ्यावरची नळी

आमच्या फिशटँकमधलं घाण पाणी ओढायची जाड रबरी नळी दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची. रविवारी मी तिने तळातला गाळ काढायचे. एरवी बाबा तिने दादाची पाठ सोलायचे. आज दादाच्या हातून त्यांचा चष्मा फुटला. बाबांनी त्याला कानफटवून भिंतीवर आपटलं आणि खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा! "नळी कुठाय?" आई कुजबुजली, "अगं, देऊन टाक, उगाच वाढवू नकोस." मी आपली ग्लासने टँक उपसत होते. "कापली, बाबा! बोटबोटभर तुकडे केले. ते बघा, तळाशी. आमच्या पिटुकल्या माशाला लपायला काय झकास बोगदे झालेत!" बाबांनी माझी वेणी खेचली. ग्लास फुटला, काच तळव्यात घुसली. त्यांनी दुसरा हात उगारला, पण तो खाली आलाच नाही. दादाने मनगट धरलं होतं, आणि बाबांना ते सोडवता येईना.