डबल डोस

सलग चौथी नाइट संपवून नर्स अमरीन अकोल्याहून बार्शीटाकळीच्या बसमध्ये बसली आणि तिकीट हातात धरूनच झोपली. अर्ध्या वाटेत दचकून उठली. सात नंबरच्या आजोबांना इन्सुलिन दोनदा तर टोचलं नाही? आठवेना. तिनं इन्चार्ज मैनाताईंना फोन लावला. "ताई, सात नंबरची शुगर पाहा. माझ्या हातून डबल डोस गेला वाटते." दहा मिनिटांनी फोन आला. "शुगर खूपच उतरली होती. ग्लुकोज लावलं, बुढा वाचला. बरं झालं सांगतलं." अमरीनला रडू फुटलं. "ताई, मले आज सुट्टी द्या." "कुठून देऊ? दुपारवाली आजारी पडली. दोन वाजता तुलेच या लागते." "पुन्हा हात चुकला तर?" मैनाताईंनी फोन ठेवून दिला. घरी अंथरूण तयार होतं. झोपलं तर वेळेवर जाग येणार नाही, म्हणून अमरीन युनिफॉर्ममध्येच दारात बसून राहिली.